गुरुजींच्या पोटातला स्क्रू

बंद पडलेली वस्तू सॅम्युअल गुरुजींच्या नजरेस पडू नये, एवढी काळजी चिंचपाड्याच्या बाजूचे लोक घेत असत. कारण गुरुजी ती दुरुस्त करायला घेत! शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी गावातले पंखे, मिक्सर, झालंच तर चर्चचा माइकसुद्धा उघडून पाहिला होता. त्यातलं काही काही पुन्हा चालूही झालं होतं.

म्हणून त्या सकाळी लेकीचा लॅपटॉप सुरू होईना, तेव्हा गुरुजी घाबरले तर नाहीतच, उलट त्यांचा चेहरा खुलला.

"यंत्र म्हणजे विद्यार्थी असतो, प्रिस्किला! नीट विचारलं की स्वतःच चूक कबूल करतो. चहा होईपर्यंत चालू करून देतो!"

घरात एरवी मावची बोलली जायची. पण यंत्राचा विषय निघाला की गुरुजी शाळेच्या मराठीत शिरत. ते मराठीत शिरले, आणि प्रिस्किलाच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा वाजता तिची नर्सच्या नोकरीसाठी मुलाखत होती. दवाखाना सुरतेचा, मोठा. आधी परीक्षा, मग मुलाखत, आणि दोन्ही लॅपटॉपवरच. मोबाइल चालणार नाही असं त्यांनी बजावून ठेवलेलं. बिचारी दोन वर्षं अर्ज करत होती आणि इथवर पहिल्यांदाच पोचली होती.

लॅपटॉपचा पडदा काळाकुट्ट, त्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ. गुरुजींनी चष्मा पुसून ती वाचली.

"'डिस्क काढा आणि कोणतंही बटण दाबा.' बघ! सांगतोय की नाही? आता डिस्क असते कुठे? पोटात! आशा, पेचकस आण!"

"अहो, आज नको," आशाबाई म्हणाल्या. "आज तिची—"

"आजच!"

तेवढ्यात दारात पिकअप थांबली. कोरीट गावचा इंद्रसिंग उतरला. लग्नात डीजे वाजवायचा त्याचा धंदा. आदल्या संध्याकाळी गाणी भरून घ्यायला तो आपला नखाएवढा लाल पेनड्राइव्ह गुरुजींकडे ठेवून गेला होता.

"गुरुजी, मन्हा पेनड्राइव्ह द्या ना! नवापूरले लगीन शे. नवरदेव घोडावर बशी गया, नि मन्हाजोडे एक बी गाना नही!"

"थांब रे! इथे ऑपरेशन चाललंय."

इंद्रसिंग ओट्यावर टेकला. गुरुजींनी अंगणातच लॅपटॉप पालथा घातला, एकेक स्क्रू काढून ताटलीत ठेवला. डिस्क निघाली. ती त्यांनी सदऱ्याला पुसली, फुंकर मारली आणि पुन्हा बसवली. हे होईस्तोवर घरची तांबडी कोंबडी ताटलीपाशी आली आणि दाणा समजून तिने एक स्क्रू उचलला.

"गिळला! स्क्रू गिळला!" गुरुजी ओरडले आणि कोंबडीमागे धावले. कोंबडी उडून पत्र्यावर. गुरुजी बाजेला अडखळले, बाजेचा कोपरा पोटात बसला आणि ते पोट धरून जागीच वाकले.

शेजारच्या बुधीबाईने कुंपणावरून नेमकं एवढंच पाहिलं! 'गिळला' हे ऐकलं, पोट धरून वाकलेले गुरुजी पाहिले, आणि ती बोंब मारत पाड्यात पळाली.

इकडे गुरुजींनी उरलेले स्क्रू आवळले आणि लॅपटॉप घरात टेबलावर नेऊन चालू केला. पुन्हा तोच काळा पडदा, पुन्हा तीच ओळ.

"गुरुजी, मन्हा पेनड्राइव्ह—"

"अरे, हा मेला डिस्क काढूनही 'डिस्क काढा' म्हणतोय, आणि तुला गाण्यांचं पडलंय!"

एवढ्यात अंगण भरलं. कुणी केळ्यांचा घड आणला, कुणी गोधडी आणली. बुधीबाईने गुरुजींना बाहेर ओढून बाजेवर आडवं केलं आणि स्क्रू खाली सरकावा म्हणून सोललेलं केळं तोंडात कोंबलं.

"अगं, मी नाही, ती कोंब—"

दुसरं केळं!

"बोलू नका गुरुजी, स्क्रू फिरेल आत! ए पिकअपवाल्या, गाडी दवाखान्याकडे वळव!"

"लई जास ना! पन आधी मन्हा पेनड्राइव्ह!"

"माणूस मरायला टेकलाय, अन् तुला गाणी सुचतात?" सगळे त्याच्या अंगावर धावले.

प्रिस्किला उंबऱ्यावर बसून रडत होती. अकरा वाजत आले होते. आता कुणाला विचारण्यात अर्थ नाही हे ओळखून इंद्रसिंग स्वतःच घरात शिरला. लॅपटॉपच्या कडेला त्याला ओळखीचा लाल ठिपका दिसला.

"आठेच शे ना भो!" म्हणत त्याने पेनड्राइव्ह उपसला. घाईत त्याचं कोपर बटणांवर पडलं.

आणि लॅपटॉपचा पडदा निळा उजळला!

"मी काईच नही कयं!" इंद्रसिंग दोन्ही हात वर करून ओरडला. "कोपर लागनं फक्त!"

प्रिस्किला त्याला ढकलूनच खुर्चीवर बसली. तोंडात केळं असलेल्या गुरुजींना तेव्हा कुठे उमगलं की लॅपटॉप सकाळपासून कुठली डिस्क काढायला सांगत होता: काल त्यांनीच खोचून ठेवलेला तो पेनड्राइव्ह! त्यांनी केळं सावकाश चावायला घेतलं. केळं होतं म्हणून बरं!

मग मात्र त्या पाड्याने कमाल केली. कुणी पाण्याची मोटार बंद केली, कुणी कुत्री हाकलली. बुधीबाई काठी घेऊन दारात उभी राहिली. परीक्षा आणि मुलाखत संपेपर्यंत अंगणात कुणी खोकलंसुद्धा नाही. लेक एका घरातली, पण त्या सकाळी जीव सगळ्यांचाच टांगणीला लागला होता.

प्रिस्किलाला नोकरी मिळाली.

गुरुजींनी अंगणात उपकारस्तुतीची प्रार्थना आणि जेवण ठेवलं. इंद्रसिंगला खास बोलावून चर्चच्या पाळकांशेजारी बसवलं. जेवण कोंबडीचं होतं. तांबडी तेवढी वाचली, स्क्रूवालीला चावणार कोण! गुरुजी उभे राहिले. त्यांनी देवाचे आभार मानले, बुधीबाईचे मानले, केळ्यांचेही मानले. इंद्रसिंगचं नाव घेताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"याला मी सकाळभर हाकलत होतो, आणि माझ्या लेकीचं नशीब याच्याच हातात होतं. त्याच्यासाठी मी त्याच्या पेनड्राइव्हमध्ये नवी गाणी भरलीत. माझ्याकडून भेट! आता सगळ्यांना प्रिस्किलाच्या दवाखान्याचे फोटो दाखवतो."

त्यांनी झोकात लॅपटॉप उघडला, बटण दाबलं.

पडदा काळा. वर पांढरी ओळ.

गुरुजींचा हात नकळत खिशातल्या पेचकसाकडे गेला. आशाबाई उठल्या आणि त्यांनी आधी तांबडीला डालग्याखाली झाकलं.

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," इंद्रसिंग पुढे होत म्हणाला. "मन्ही भेट मीच काढी लेस."