फोनमधली राधाबाई

परळच्या मासळीबाजारात राधाबाई तीस वर्षं बसत होत्या. रोज सकाळी त्यांच्या फोनवर "आज काय आहे?" असे पन्नास-साठ मेसेज येत आणि ओल्या हातांनी उत्तरं देणं काही जमत नसे. सून रुचिका लोअर परळच्या एका ऑफिसात होती. कोडची एक ओळ न लिहिता एआयला कामाला कसं लावायचं, हे ती तिथल्या शिबिरात एका दुपारी शिकून आली होती. शिकलेलं घरात वापरल्याशिवाय तिला चैन पडेना. तिने पडद्यावर चार चौकोन मांडले आणि रेघांनी जोडले. राधाबाईंनी टोपलीचा फोटो काढायचा. मासळी ओळखायची, गिऱ्हाइकांना कळवायचं, त्यांच्याशी बोलायचं, ते सगळं यंत्र बघणार.

पहिल्याच दिवशी माटुंग्याच्या उन्मेषचा, एका जुन्या गिऱ्हाइकाचा, फोन आला.

"राधाबाई, बऱ्या आहात ना?"

"मना काय झालंय?"

"नाही, मेसेज आला, 'नमस्कार, आपला दिवस मंगलमय जावो.' आम्ही सगळे घाबरलो."

चार दिवसांत निम्मी गिऱ्हाइकं शेजारच्या लक्ष्मीकडे जायला लागली. कोळीण गोड बोलायला लागली म्हणजे मासळीत खोट आहे, हे बाजारात कोणालाही सांगावं लागत नाही.

"तीस वर्षांची गिऱ्हाइकं चार दिवसांत घालवलीस गो," राधाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळे रुचिकाला जास्तच लागलं.

तिने दोन दिवस टोपलीशेजारी फोन ठेवून सासूबाईंचं बोलणं रेकॉर्ड केलं. आठ तासांचं ते बोलणं बसून कोण ऐकणार? तिने ते तसंच्या तसं यंत्राला दिलं आणि सांगितलं, असं बोल.

दुसऱ्या दिवशी मेसेज गेला: "पापलेट हाय. पायजे तर ये, नायतर फोटो बघून भात खा." कोणीतरी विचारलं, ताजं आहे का? उत्तर आलं, "शिळं द्यायला मी काय तुझी सासू हाय?" दहाच्या आत टोपली रिकामी झाली. उन्मेष तर स्वतः येऊन दोन शिव्या प्रत्यक्ष खाऊन गेला.

हे बघून लक्ष्मीनेही मागणी केली. रुचिकाने मोठ्या मनाने ती अख्खी जोडणी, सासूबाईंच्या रेकॉर्डिंगसकट, बाजारातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकली. प्रत्येकीने फक्त आपलं नाव आणि नंबर भरायचा. अकरा जणींनी भरला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता राधाबाईंसमोर ही गर्दी, आणि बाकीच्या बायका माश्या हाकत बसलेल्या. रुचिकाला काही उमजेना, तोच लक्ष्मी फोन नाचवत आली.

"वाच! माज्या फोनवरनं माज्याच गिऱ्हाइकाला काय गेलंय ते वाच!"

रुचिकाने वाचलं. "लक्ष्मीकडं जाऊ नको. तिची सुरमई बर्फातली, कालची. माज्याकडं ये, पयल्या वट्यावर." पहिला ओटा राधाबाईंचा होता. अकराही फोनांवरून हेच गेलं होतं. न ऐकलेल्या त्या आठ तासांत सासूबाई हेही बोलल्या होत्या.

लक्ष्मीच्या बाळंतपणात राधाबाईंनी तिचा ओटा सांभाळला होता. आता ते सगळं मोडणार, तेही आपल्या चार चौकोनांपायी, असं रुचिकाला वाटलं.

"लक्ष्मीमावशी, चूक माझी आहे. आत्ता बंद करते. आईंनी मुद्दाम नाही..."

"मुद्दाम नाय तर काय?" लक्ष्मी म्हणाली. "तीस वर्षं बोलतेय ती. मना म्हाईत नाय? मी पण तिच्याबद्दल हेच बोलते. बाजारात बसायचं तर बोलायलाच लागतं."

"मग?"

"मग एकटीचंच कशाला घातलंस?" लक्ष्मीने पाट ओढला आणि ठाण मांडून बसली. "माजंपण घाल. लिही. राधीचं पापलेट सोमवारचं. राधी कोयतीला धार लावत नाय. राधीचा बोंबील..."

ती आठवायला थांबली. रुचिकाचं बोट पडद्यावर तसंच राहिलं.

राधाबाईंनी खवले काढता काढता मानही वर केली नाही.

"कोलंबीचं सांग की गो," त्या म्हणाल्या. "ते तू बरं बोलतेस."