मन्मथप्पांना फेटा बांधू नये

लातुरात भर लग्नाच्या मांडवातून साठीचा एखादा गृहस्थ धोतर सावरत पळताना दिसला आणि त्याच्या मागे कुणी फेटा घेऊन धावत असेल, तर घाबरू नये. ते आमचे शेजारी मन्मथप्पा आहेत. फेटा बांधून घेतला तर त्यांना जेल होईल.

अप्पांचं गंजगोलाईत भांड्यांचं दुकान आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, दुकान पुतण्या बघतो. अप्पा लग्नं बघतात. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीपेक्षा माइक महत्त्वाचा. सभापती, माजी सभापती आणि सभापती होता होता राहिलेले अशा सर्वांची नावं पुकारून, टॉवेल-टोपी देऊन होईपर्यंत मुहूर्त कधीच निघून गेलेला असतो. अप्पा पहिल्या रांगेत बसत. नावं सुरू झाली की त्यांची मान हळूहळू लांब होत जाई. आपलं नाव कुणाच्या आधी आलं आणि कुणाच्या नंतर, यावर त्या घराशी पुढे बोलायचं की नाही हे ठरे. "टोपी देली अन् टॉवेल न्हाई. म्हंजे अर्धाच माणूस समजले का मला?" असं ते मला येऊन विचारत. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे असल्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असतील असा त्यांचा समज.

एका लग्नात त्यांचं नाव आलंच नाही. अप्पा स्टेजवर चढले, माइक हिसकावला आणि स्वतःच स्वतःचं स्वागत केलं. नवऱ्या मुलाचा चुलता माइक परत घ्यायला गेला, तेव्हा अप्पांनी तो त्याच्या डोक्यात घातला. माइक चालू होता. डोकं फुटल्याचा आवाज सगळ्या कॉलनीनं ऐकला, त्यामुळे साक्षीदारांची वाण पडली नाही.

खटला ज्या न्यायाधीशांपुढे आला ते वयानं तरुण, आणि जेलपेक्षा अटींवर त्यांचा जास्त विश्वास. कर्कश हॉर्न वाजवणाऱ्या एका पोराला त्यांनी दवाखान्याबाहेर 'शांतता राखा' असा फलक धरून उभं केलं होतं. अप्पांना त्यांनी वर्षभराच्या चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. अट अशी, की या वर्षात कुठल्याही समारंभात फेटा, टॉवेल, टोपी, शाल यांतलं काही घ्यायचं नाही, माइकवरून नाव पुकारून घ्यायचं नाही, आणि ज्या लग्नाला जाल तिथे पंगतीत पाणी वाढायचं. अट मोडली की आत.

अप्पांनी हात जोडून विचारलं, "साहेब, नारळ?"

नारळही नाही, असं उत्तर आलं. मग अप्पांनी गुलाबपाण्याचं विचारलं. साहेबांनी थोडा विचार करून गुलाबपाण्याला परवानगी दिली.

माणूस खचेल असं आम्हाला वाटलं होतं. पण अप्पांनी सजेचाच मान करून घेतला. हातात जग घेऊन पंगतीत फिरताना प्रत्येक पानापाशी थांबून ते सांगत, "कोर्टाचा हुकूम हाय. साऱ्या जिल्ह्यात मला एकट्यालाच हाय." लोकही कमी नाहीत. मुद्दाम शाल घेऊन मागे लागत, आणि अप्पा अंगावर पाल पडल्यासारखे उडत. एकदा त्यांनी माइकवाल्याला आधीच गाठून, काही झालं तरी माझं नाव घेऊ नका, अशी विनवणी केली. त्या भल्या माणसानं लगेच जाहीर केलं की आपले ज्येष्ठ व्यापारी मन्मथप्पा यांनी त्यांचं नाव न घेण्याची विनंती केली आहे, तरी मन्मथप्पांचं नाव कुणीही घेऊ नये. दुसऱ्या दिवशी अप्पा कपड्यांची पिशवी घेऊन स्वतःहून कोर्टात हजर. साहेबांनी खाली मान घालून, बराच वेळ कागद चाळत, त्यांना घरी जायला सांगितलं म्हणे.

तेव्हापासून ते मला साक्षीला नेऊ लागले. "सर, तुमी नुस्तं बघायलेत इतकंच लागतंय." मी जेवण चांगलं असेल तिथे जात असे.

मे महिन्यात भाचीचं लग्न निघालं, नांदेडला. शिवानी ही त्यांच्या वारलेल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. दरवर्षी दिवाळीला अप्पा तिच्यासाठी कपडे घेऊन नांदेडला जात. दाजींशी त्यांचं दोन वाक्यांच्या पुढे कधी गेलं नाही, पण गाठोडं पोचायचंच. आता अक्षता पडताना नवरीच्या मागे मामा उभा राहणार, आणि त्याआधी त्याला भर मांडवात फेटा बांधणार, हे आमच्याकडे ठरलेलं. बांधून घेतला तर जेल. नाही बांधून घेतला तर मामा रुसला. आणि नवरीचा मामा रुसला म्हणजे दोन्हीकडचे सोयरे कामं टाकून त्याचं कारण शोधत बसतात.

एका दिवसाची सवलत मागायला अप्पा कोर्टात गेले. उन्हाळ्याची सुटी लागली होती. तातडीची कामं तेवढी चालू होती, पण वकील म्हणाला, फेटा तातडीत बसत नाही.

आमची नांदेडची एसटी अहमदपूरला पोचली. मी सुचवलं की तिथे लातूरचं कोण असणार आहे, घ्यावा बांधून.

"मी असतो की," अप्पा म्हणाले. "अन् साहेबाला 'हाव, पाळतो' म्हणून आलोय."

मग दाजींना कोर्टाचं खरं सांगून टाका, हे मी म्हणणारच होतो. पण एवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "सर, तिथं कोर्टाचा क सुदीक काढायचा न्हाई." लातूरच्या प्रत्येक पंगतीत ज्यांनी तो हुकूम पाण्याबरोबर वाढला, त्यांचे हे शब्द. मला वाटलं, उन्हानं होत असेल.

मांडवात फेटेवाला आला. अप्पांनी हात जोडले आणि नको म्हटलं. त्यानं हसून पुन्हा फेटा पुढे केला. अप्पा मागे सरकले. कुजबुज पहिल्या रांगेतून आचाऱ्यापर्यंत गेली. नवऱ्या मुलाचा बाप धावत येऊन चूकभूल विचारू लागला, दोन म्हातारे अप्पांच्या दंडाला धरून समजूत घालू लागले, कुणी भारीतला फेटा मागवला. शेवटी दाजी आले. घामानं भिजलेले, आवाज चढलेला.

"ह्यांचं नेहमीचंच हाय. मान कमी पडला असंल."

पाच-पन्नास माणसं ऐकत होती. टॉवेलासाठी घरंच्या घरं तोडलेला हा माणूस. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. मी तोंड उघडलंसुद्धा. अप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घातली.

"हाव दाजी," ते म्हणाले. "कमी पडला."

दाजी हात झटकून निघून गेले. पांगता पांगता कुणीतरी म्हणालं, आईमाघारी वाढलेल्या पोरीच्या लग्नात तरी या माणसानं असं करू नये. मी अप्पांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, अहो, सांगायचं तरी.

त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "पोरीला त्या घरात जन्म काढायचाय, सर. रुसका मामा समद्यायलाच असतोय. सजा लागलेला मामा तिच्या सासूच्या तोंडात घालू काय?"

तेवढ्यात अंतरपाट धरला. नवरदेवाच्या मागे त्याच्या मामाला भगवा फेटा, वडिलांना फेटा, चुलत्यांना फेटा, व्हिडिओवाल्यालासुद्धा कुणीतरी बांधला होता. नवरीच्या मागे अप्पा एकटे बोडक्या डोक्यानं उभे राहिले. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मंगलाष्टकं सुरू झाली. शिवानीनं हार एका हातात घेतला, मान न वळवता दुसरा हात मागे केला आणि चाचपून बघितलं.

अप्पांनी तिच्या हातात आपलं बोट दिलं.