मत नाही, निरीक्षण

भुसारी सर लग्नात जेवत नाहीत. म्हणजे शेवटी जेवतात, पण आधी रिकामी प्लेट हातात धरून मंडपाच्या खांबाला टेकतात आणि जेवणाऱ्यांकडे बघत राहतात. कोण कोणाच्या शेजारी बसलं, कोण खुर्ची ओढून दुसरीकडे गेलं, कोणाच्या बाजूची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. तोवर पुऱ्या गार होतात आणि रसगुल्ले संपतात. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या मामांना वाटलं, हा माणूस केटररचा आहे. त्यांनी सरांकडे पाणी मागितलं. सरांनी निमूट पाणी आणून दिलं आणि परत खांब गाठला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "विनायकभाऊ, तुमच्या व्याह्याचं आन् त्याच्या लहान भावाचं बोलणं बंद आहे. हे माझं मत नाही, निरीक्षण आहे."

निरीक्षण खरं निघालं. सरांचं हेच वाईट आहे, त्यांची निरीक्षणं खरी निघतात.

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या घरात सर वरच्या मजल्यावर राहतात आणि खाली माझं औषधांचं दुकान आहे. मानसशास्त्र शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्या कॉलोनीत मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचा डॉक्टर. झोप येत नाही म्हणून एक बाई त्यांच्याकडून गोळी लिहून घ्यायला आल्या होत्या. सरांनी गोळी लिहिली नाही, पण तुम्ही घरी कोणासोबत जेवता, आधी कोण बसतं, मागून कोण बसतं, असं तासभर विचारलं. बाई दमून घरी गेल्या. त्या परत आल्या नाहीत, त्यामुळे झोप लागली असावी असं सर मानतात.

त्यांचा खरा विषय कारखान्यातली माणसं. त्यातही एकच गोष्ट त्यांनी जन्मभर धरून ठेवली : शहराबाहेरच्या उरला भागातल्या लोखंडाच्या मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत कामगार डबा कोणासोबत खातात, आणि त्यानं त्यांच्या कामात काय फरक पडतो. तुम्हाला हसू आलं असेल तर मला आश्चर्य नाही. मीही हसलो होतो. सर शांतपणे म्हणाले, "कोणाचा पगार किती हे ऑफिसात समजते. कोण कोणाचा आहे हे डबा उघडतानीच समजते." या डब्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, या डब्यानं त्यांना विमानात बसवून परदेशातल्या परिषदांना नेलं. तिथेही जेवणाच्या वेळी ते खांबाला टेकून उभे असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या कामात त्यांचा एक नियम होता. बघणाऱ्यानं मधे पडायचं नाही. मधे पडलात की माणसं बदलतात आणि अभ्यास बुडतो. नियम चांगलाच आहे, पण सर तो घरीदारी पाळत. एकदा ते आमच्याकडे गप्पा मारत बसलेले असताना गॅसवरचं दूध उतू गेलं. सर ओट्याच्या अगदी समोर होते. मी बाहेरून धावलो, बायको आतून धावली, आणि दोघं एकमेकांवर आदळलो. नंतर बायकोनं जरा कडक आवाजात विचारलं, तेव्हा म्हणाले की त्यांना दूध दिसलं होतं, पण आधी कोण धावतं ते बघायचं होतं. बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. सरांनी त्याचीही नोंद घेतली असेल.

आणि बोलणं विचाराल तर अखंड. दुकानात स्टूल ओढून बसले की सर्दीच्या गोळीला आलेलं गिऱ्हाईकही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. त्यांच्या बायको, आमच्या सुधावहिनी, म्हणायच्या, "यांच्यासंगं जेवणं म्हणजे रोजची तोंडी परीक्षा." वहिनी गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. तेव्हापासून सर बोलतात जास्त आणि जेवतात कमी. हे मात्र माझं निरीक्षण आहे.

मुलगा निखिल बंगळूरला असतो. मुलगा गुणी. दिवाळीनंतर सर जिन्यात चक्कर येऊन बसले, तेव्हा तो दुसऱ्याच दिवशी धावत आला आणि त्यानं ठरवून टाकलं की बाबांनी आता तिकडेच राहायचं. वेगळी खोली तयार आहे, खाली बाग आहे, डॉक्टर जवळ आहे. नाही म्हणायला सरांकडे काही कारण नव्हतं. तरी ते नाही म्हणाले. म्हणणं एकच, अभ्यास बाकी आहे. उरल्याला दर गुरुवारी जावं लागतं.

निखिल मला रोज फोन करू लागला. आमच्याकडची पोरं मराठी समजतात सगळी, पण उत्तर हिंदीत देतात. काका, बाबांचा रिसर्च संपणार कधी एवढं तुम्ही बघून सांगा, मी त्या हिशोबानं तिकीट काढतो, असा त्याचा धोशा. मलाही ते पटत होतं. वर एकटा माणूस, पहाटे बाथरूममध्ये पडला तर खाली मला दुकान उघडेपर्यंत कळायचंही नाही.

अशात एका गुरुवारी सरांच्या स्कूटरची क्लच वायर तुटली. मी म्हटलं, चला, मी सोडतो. सर जरा घुटमळले, पण डबा पिशवीत घालून मागे बसले. वाटेतलं बीरगांव सुटेपर्यंत ते माझ्या मानेजवळ बोलतच होते. माणसं शेजार कसा निवडतात हा विषय. पुढे ट्रकच्या धुळीनं तोंड बंद झालं तेव्हा थांबले.

मिलच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीमागे एक कडुलिंबाचं झाड आहे आणि त्याखाली एक सिमेंटचा बाक. सुट्टीचा भोंगा झाला. कामगारांची टोळकी बाहेर येऊन सावली धरून बसली. कोणी कोणाला शिव्या देत होतं, कोणी कोणाच्या डब्यात हात घालत होतं. मला वाटलं, आता सर त्यांच्यात जाऊन बसतील, काहीतरी विचारतील. ते कोणाकडेही गेले नाहीत. बाकावर बसले. थोड्या वेळानं पिकल्या केसांचा एक माणूस आला, सरांच्या बाजूला बसला आणि त्यानं डबा उघडला. आत बासी होती, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवलेला, आणि वर कांदा. सरांनी आपल्या डब्यातला ठेचा त्याच्या झाकणावर ठेवला. त्यानं अर्धा कांदा सरांना दिला. मग दोघं जेवायला लागले.

मी टपरीवर चहा घेत बघत होतो. सर बोलत नव्हते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दूध उतू गेल्यावरही जो माणूस तत्त्वज्ञान सांगतो, तो समोर बघत भाकरी चावत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली स्वस्थता होती. मला आधी भीतीच वाटली, पुन्हा चक्कर तर नाही. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. त्या माणसानं डबा धुतला, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो आत गेला.

परत येताना मी बीरगांवच्या अलीकडे गाडी थांबवली आणि सरळ विचारलं, "सर, तुम्ही प्रश्न केव्हा विचारता?"

"कोणते प्रश्न? अभ्यास केव्हाचाच संपला. पुस्तकही निघालं."

मग त्यांनी सांगितलं. त्या माणसाचं नाव सुकालू. रोलिंगच्या यंत्रांच्या आवाजात त्याचे कान गेले. आधी तो चौघांत बसायचा, पण प्रत्येक गोष्ट त्याला दोनदा सांगावी लागे, हसण्यासारखं असलं तर सगळ्यांचं हसून झाल्यावर सांगावी लागे. कोणी त्याला उठ म्हटलं नाही. हळूहळू तोच उठून त्या बाकावर जाऊन बसायला लागला. सरांचा अभ्यास चालू होता तेवढा सगळा काळ ते समोरून त्याला एकटं जेवताना बघत होते. मधे पडायचं नव्हतं ना.

"अभ्यास म्हणून ते बरोबरच होतं," सर म्हणाले. "पण मले घरी घास जात नव्हता, विनायकभाऊ. सुधा म्हणे, काहून जेवत नाही? काय सांगू तिले? मंग ज्या दिवशी काम संपलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्याले काही ऐकू येत नाही, म्हणून मी बोलत नाही. आधी जड गेलं. आता सुधा नाही, तर तेवढंच एक जेवण नीट होते."

मी म्हटलं, हे निखिलला का नाही सांगत?

"पोराले काय सांगू? एका माणसाशेजारी बसाचं आहे म्हणून रायपूर सोडत नाही? हसन तो. अभ्यास म्हटलं की कोणी काही म्हणत नाही."

मला सरांबद्दल एकदम फार माया वाटली आणि ती कशी दाखवावी ते कळेना. मी गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी निखिलचा फोन आला. सरांनी मला कोणाला सांगू नका असं म्हटलं नव्हतं, आणि मी काही शास्त्रज्ञ नाही. मी मधे पडलो. सगळं सांगितलं. अभ्यास संपलाय हे सांगितलं, बाक सांगितला, सुकालू सांगितला. मला वाटलं, तो रागावेल.

पण त्यानं विचारलं, "बाबा सच में चुप बैठते हैं?"

"हव. पूर्ण सुट्टीभर."

"मेरे साथ ऐसे कभी नहीं बैठे, काका. मैं छोटा था तब भी खाते-खाते सवाल पूछते थे."

दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, त्याला मी हातानंच थांबवलं. निखिल म्हणाला, बाबांचं तिकीट तो काढणार नाही. स्वतःचं काढेल, पुढच्या गुरुवारी सकाळी रायपूरला पोचेल असं. फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "उस बेंच पे तीसरे की जगह है क्या?"

"आहे," मी म्हटलं. "दोघांनी थोडं सरकलं की झालं."