बोलावलं की खरंच जाणारी इंग्रिड

आपल्याकडे "या एकदा घरी" याला एकच उत्तर आहे: "हो, येऊ की." मग बोलावणाऱ्यानं मान हलवायची, बोलावलेल्यानं मान हलवायची आणि दोघांनी आपापल्या वाटेनं जायचं. इंग्रिड मात्र सॅकमधून छोटी डायरी काढायची आणि विचारायची, "कोणता वार? किती वाजता?" मराठीत ती सगळ्यात आधी शिकली ते हेच.

इंग्रिड नॉर्वेची, वय सोळा. विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेत वर्षभरासाठी आमच्या सईच्या शाळेत आली आणि राहायला नेरूळला आमच्याकडे. पालकसभेत "कोण ठेवून घेईल?" असं विचारल्यावर आमच्या सौभाग्यवतींचा हात वर गेला होता. मी त्या सभेला नव्हतो. पालकसभा चुकवू नये, हे मला तेव्हा कळलं.

पहिला बळी आमच्या सोसायटीचे चेअरमन जाधव. मूळचे साताऱ्याचे, वाशीच्या मार्केटात कांद्याचा गाळा. लिफ्टमध्ये ते सवयीनं "ये की पोरी घरी" म्हणून गेले. वार-वेळ विचारल्यावर गडबडून "रविवारी, चार वाजता" असं काहीतरी बोलले आणि विसरले. रविवारी चारच्या ठोक्याला बेल वाजली. संध्याकाळी जाधव मला गेटवर भेटले ते अजून धक्क्यातच होते.

"साहेब, ती खरंच आली की वो! मी बनियनवर झोपलेलो. बायकोनं घाईघाईनं भजी तळली."

भजी खाऊन, बरोबर एक तास बसून, घरातल्या सगळ्यांशी, अगदी जाधवांच्या नव्वदीच्या आईशीही हात मिळवून इंग्रिड परतली होती.

मग इस्त्रीवाला झाला, शाळेतल्या बाई झाल्या. जवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्याहून मासळी घेऊन येणाऱ्या हिराबाईंनी बोलावलं तर ही दिवाळ्याला गेली आणि सुक्या मासळीचा घमघमाट अंगाला लावून आली. दुसऱ्या दिवशी हिराबाई पाटी उतरवता उतरवता म्हणाल्या, "तुमची गोरी पोर लय गुनाची हाय. माज्या संगती दोन तास जवला निवडत बसली." इंग्रिडचं म्हणणं, तिच्या गावीही मासे असेच उघड्यावर वाळवतात, त्यामुळे तिला अगदी घरच्यासारखं वाटलं.

तीन महिन्यांत सोसायटीत तिचा दरारा बसला. लोक तिला पाहून नुसते हसायचे आणि लिफ्ट सोडून जिन्यानं जायचे. आमंत्रण तोंडातून निसटेल ही धास्ती.

हे सगळं गमतीचं, पण ही मुलगी आली होती ती शाळेत मैत्रिणी करायला, आणि तिथेच गाडी अडली होती. वर्गातल्या मुलींनी पहिले आठ दिवस तिच्याबरोबर भरपूर सेल्फी काढले. मग जिचा तिचा ग्रुप, जिचा तिचा डबा. आमची सई तिच्याच वर्गात, पण मधल्या सुट्टीत तीही आपल्या ग्रुपमध्ये. इंग्रिड एकटीच बाकावर बसून डबा खाते, हे मला बाईंकडून कळलं. मी सईला बोललो तर म्हणाली, "बाबा, टेन्शन नका घेऊ. होईल ती अ‍ॅडजस्ट."

शेवटी सईच्या ग्रुपमधली मुग्धा तिला म्हणाली, "ये ना गं कधीतरी." ठरलं, शनिवार, पाच वाजता. त्या दिवशी इंग्रिडनं दुपारपासून तयारी केली. सौभाग्यवतींची ओढणी मागून घेतली, नाक्यावरून पेढे आणले आणि खारघरला गेली. सात वाजता परत आली. पेढ्यांचा पुडा तसाच हातात.

मुग्धाच्या दाराला कुलूप होतं. फोन केला तर मुग्धा म्हणाली, "अय्या, आज होतं का? आम्ही मॉलमध्ये आहोत." तरीही येतील म्हणून ही तासभर जिन्यात बसून राहिली होती.

मला राग आला, आणि तो कोणावर काढावा कळेना. मी तिला समोर बसवलं. सई पलीकडे सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून होती.

"हे बघ बाळा," मी म्हणालो, "आमच्याकडे घरी या म्हणतात ती नुसती बोलायची पद्धत. त्यावर जायचं नसतं. हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"मला माहीत आहे, काका," ती तिच्या सावकाश मराठीत म्हणाली. "जाधवकाकांनी दार उघडलं ना, तेव्हाच कळलं."

"मग तरी जात राहिलीस?"

"खरं कोणी बोलावलंच नाही. वाट बघितली असती, तर वर्षभर खोलीत बसले असते."

सोसायटीतली अर्धी माणसं मी दहा वर्षांत जेवढी ओळखली नव्हती, तेवढी या पोरीनं अशी न बोलावता ओळखून घेतली होती.

सईनं मोबाइल खाली ठेवला. एकाच घरात, एकाच बाथरूमसाठी भांडत दोघींनी सहा महिने काढले होते.

"सोमवारी मधल्या सुट्टीत आमच्यात बस," ती इंग्रिडकडे न बघता म्हणाली. "मी जागा धरते."

इंग्रिड "हो" म्हणाली. मग उठून बाथरूममध्ये गेली आणि आतला नळ बराच वेळ वाहत राहिला. पाणी वाया घालवलेलं मला अजिबात खपत नाही. त्या दिवशी वाहू दिलं.