नकोशीला आलेलं स्थळ

विषय : स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकावर वाचकांचे अभिप्राय मिळणेबाबत.
संदर्भ : आमच्या स्वयंपाकघरातून निघालेला तोंडी आदेश.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, अभिप्राय मिळाले. ते कशावर मिळाले, हा या टिपणाचा विषय आहे.

मी कालवा कचेरीत कारकून होतो. निवृत्त झाल्यावर बारामतीला लागून जळोचीत घर बांधलं. निवृत्त माणसानं बागकाम करावं किंवा भजनाला जावं, असं सर्वांचं मत असतं. आमच्या बागेत एकच कढीपत्ता आहे, आणि माझा आवाज भजनी मंडळानं एकदा ऐकलेला आहे. तेव्हा मी वाचत बसत असे. कोणाला त्रास नव्हता. मग आमचे जावई अमेरिकेला गेले.

जावई, म्हणजे यशराज, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहेत. कंपनीनं त्यांना सहा महिने तिकडे पाठवलं आणि येताना त्यांनी एक खेळ आणला. मे महिन्यात आमच्या मुलीला घेऊन आले, तेव्हा दुपारी लाइट गेले असताना त्यांनी तो आम्हाला शिकवला. चारपाच माणसांनी गोल बसायचं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पात्राची ताकद किती, बुद्धी किती, दैव किती, हे आकड्यांत ठरलेलं असतं. एकजण संकटं सांगतो, बाकीच्यांनी आपापल्या पात्रासारखं वागायचं, आणि जमलं की फसलं ते फासे टाकून ठरवायचं. मी म्हटलं, हा खेळ आम्ही कचेरीत तीस वर्षं खेळलो. एकजण साहेब व्हायचा, बाकीचे कामात असल्याचं सोंग घ्यायचे, आणि पाण्याची पाळी कोणाला मिळणार हे साधारण फाशांवरच ठरायचं.

खेळ चांगला होता. पात्रं मात्र सगळी परदेशी. त्यांची नावं घेताना गुळण्या केल्यासारखं वाटे. मी ठरवलं, आपल्या भागातली पात्रं आपण लिहायची. (माझ्या आयुष्यातले सगळे अनर्थ 'आपण' या शब्दापासून सुरू झालेले आहेत.)

पावसाळाभर लिहीत होतो. बिरदेव हा मेंढपाळ, दर अमावस्येला लांडगा होणारा. म्हणून त्या दिवशी मेंढ्या चुलतभावाकडे बांधून येणारा, जबाबदार माणूस. मानसिंग मांत्रिक, वय वर्षं तीनशे. आणि नकोशी. चार मुलींनंतर झालेली पाचवी, म्हणून हे नाव. तिच्याकडे कोणीच पाहत नाही, त्यामुळे ती कोणाच्याही घरात शिरू शकते आणि कुठलंही कुलूप उघडू शकते. नकोशी लिहून झाली त्या दिवशी मी दोन वेळा चहा मागितला, आणि मिळाला नाही तरी चिडलो नाही.

पुस्तकाचं नाव 'पन्नास पात्रे'. कारकुनी हात असल्यामुळे प्रत्येक पात्राची माहिती रकान्यांत दिली : नाव, वय, उंची, बांधा, वर्ण, स्वभाव, ताकद, बुद्धी, दैव, गुण, दोष. प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे, असा त्या खेळाचा नियम आहे, म्हणून शेवटचा रकाना : अपेक्षा.

छपाई बारामतीत आप्पांच्या प्रेसवर. आप्पा बारा महिने लग्नपत्रिका छापतात आणि निवडणूक लागली की पत्रकं. मला त्यांनी लग्नसराईतला उरलेला गुलाबी कागद सवलतीत दिला. मुखपृष्ठावर सोनेरी शाईत नाव, वर गणपती, खाली माझा पत्ता. गणपती मी सांगितला नव्हता. तसं म्हटल्यावर आप्पांनी मशीन थांबवलं.

"भाऊसाहेब, त्याच्याबिगर हे मशीन फिरत न्हाय," ते म्हणाले. "उगं का त्याला काढताय?"

मी काढला नाही. धार्मिक भावनांपुढे माझी नेहमीच माघार असते. विशेषतः शाई दुसऱ्याच्या हातात असताना.

गठ्ठे घरी आले ते धान्याच्या खोलीत गेले, आणि गव्हाच्या कोठ्या बाहेर ओट्यावर आल्या. आमच्या सौभाग्यवती लीलाबाई यांनी तेव्हाच आदेश काढला. दिवाळीपर्यंत नात्याबाहेरच्या एका माणसानं या पुस्तकाबद्दल एक बरा शब्द काढला पाहिजे. न काढल्यास सर्व गठ्ठे स्टँडवरच्या भेळवाल्याकडे जातील. आदेशाविरुद्ध अपील नव्हतं. मुलीनं फोनवर "छान आहे बाबा" म्हटलं, पण ती नात्यातली, शिवाय तिनं वाचलेलं नव्हतं. यानंतर स्टँडवर भेळ खाताना मला हातातल्या कागदाकडे बघवेना.

मार्ग काढला आमच्या मेहुण्यांनी. सर्जेराव सणसरला असतात, ऊस आणि राजकारण दोन्ही जोमात. त्यांच्या पुतण्याचं तुळशीच्या लग्नाआधीच, घाईचं, रजिस्टर लग्न झालेलं होतं आणि आता गावाला जेवण होतं. पाहुण्यांना टॉवेल, टोपी, नारळ द्यायचेच होते.

"दाजी, त्याच्यासंगं एकेक पुस्तक सरकवू," सर्जेराव म्हणाले. "टॉवेल कुणी परत करत न्हाय. पुस्तकबी करणार न्हाईत."

मला ही योजना थोर वाटली. प्रत्येक प्रतीत मी माझा पत्ता घातलेलं पोस्टकार्ड ठेवलं. त्यावर छापलं होतं : 'कृपया वाचून अभिप्राय कळवावा.' गणपती, गुलाबी कागद, सोनेरी शाई, उंची-वर्ण-अपेक्षा, आणि वाटप लग्नाच्या मांडवात. हे सगळं एकत्र केल्यावर आपण नक्की काय तयार केलं आहे, हे सणसरच्या शेंबड्या पोरालाही समजलं असतं. मी पदवीधर आहे.

आठवड्यात पहिलं कार्ड आलं. 'बिरदेव पसंत आहे.' मी ते लीलाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचकाला पात्र पसंत पडणं म्हणजे काय, हे समजावून सांगितलं. त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "एक बरा शब्द झाला. पण अजून थोडी येऊ द्या. मला बघायचंय."

मग रीघ लागली. 'फोटो पाठवावा,' असं बहुतेकांनी लिहिलं होतं. पुढच्या आवृत्तीत चित्रं हवीत, अशी मी नोंद केली. मानसिंग मांत्रिकाबद्दल एकानं कळवलं, 'वय जास्त वाटते. बिजवर आहे काय?' वास्तवाचं भान सुटलं, असा या टीकेचा अर्थ मी लावला, आणि ती मनावर घेतली. 'कुळी दिलेली नाही,' 'जमीन बागायत की जिरायत?' हे वाचून मला भरून आलं. वाचकाला पात्राची पार्श्वभूमी हवी होती. मोठमोठ्या समीक्षकांना जे सुचत नाही ते नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला सुचलं होतं. एकानं तर लिहिलं, 'अमावस्येचे चालेल. आमचे थोरले जावई रोज होतात.' या भागातल्या वाचकाला विनोदाची जाण आहे, असं मी लीलाबाईंना म्हणालो.

"तुमच्या वाचकांना काय पाहिजे ते मला कळलंय," त्या म्हणाल्या. "तुमी वाचत राहा."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दारात जीप थांबली. अंथुर्ण्याचे बापूसाहेब, त्यांच्या मंडळी साखरबाई आणि फेटेवाले दोन वडीलधारे उतरले. हातात पुस्तकाची प्रत. वाचक स्वतः भेटायला आलेले होते. मी इस्त्रीचा शर्ट चढवला, सहीसाठी पेन खिशाला लावलं आणि सतरंजी अंथरली. आत पोह्यांचा वास सुटला. (लीलाबाईंनी पोहे मी न सांगताच टाकले होते. तिथं तरी मला शंका यायला हवी होती.)

बापूसाहेबांनी पाऊसपाणी, ऊसतोड आणि रस्ता हे तीन विषय रीतीप्रमाणे संपवले आणि प्रत उघडून माझ्यापुढे धरली. "आमाला ही नकोशी आवडली."

मी विनयानं सांगितलं की, तिच्यावर मी सगळ्यांत जास्त मेहनत घेतली आहे.

"दिसतंय की. वळण हाय."

ती चोरी करते हे खटकलं नाही का, असं मी विचारलं. लेखकानं टीकेला सामोरं जावं, असं माझं मत आहे.

"ते वाचूनच आलो," साखरबाई म्हणाल्या. "लोकं पोरीचं दोष दडवून ठेवत्यात. तुमी छापून मोकळं झालासा. आन कुलपं उघडती ते बरंच हाय. आमच्या कपाटाची किल्ली हरवलीया."

एका फेटेवाल्यांनी बोट ठेवून विचारलं, "बुद्धी सतरा म्हंजी सतरावी व्हय? बापूसाहेबांचा सूरज बारावी हाय. उद्या ऐकंल का त्याचं?"

इथं मी प्रत हातात घेतली. गणपतीकडे पाहिलं. गणपतीनं माझ्याकडे पाहिलं.

"बोलवा पोरीला," बापूसाहेब म्हणाले.

ती इथं नाही, असं मी म्हटलं. गावाला गेली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ती कुठंच नाही. मग ठरलं काय कुठं, असं फेटेवाल्यांनी विचारलं. शेवटी मी खाकरून सांगितलं की, नकोशी नावाची मुलगी जगात नाही; ती मी मनानं रचली आहे; हे पुस्तक एका खेळासाठी आहे; त्या खेळात फासे असतात. फासे म्हटल्याबरोबर दोन्ही फेटे एकमेकांकडे वळले.

बापूसाहेब हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, नापसंत असलं तर सरळ सांगावं. पोरगी न्हाईच, असं आजवर कुणी सांगितलं न्हवतं."

मी शपथ घेतली. रकाने दाखवले. तीनशे वर्षांचा मानसिंग दाखवला. ते वय म्हणजे छपाईचा दोष असावा, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

साखरबाईंनी मात्र माझ्या हातून पुस्तक काढून घेतलं. नकोशीचं पान उघडलं आणि त्यावर तळहात ठेवून बसल्या.

"म्हंजी ही न्हाय?"

"नाही."

"मग कुणी बघत न्हाय म्हणून कुठंबी शिरती, हे तुमाला कुणी सांगितलं?"

सुचलं, असं मी म्हटलं.

"म्हायारी मी पाचवी," त्या म्हणाल्या. "हेच नाव माझं. साखर सासरी ठेवलं. पोरानं हे पान वाचून दाखवलं तवा मीच म्हणलं, पोरगी बघायला जायाचं. असल्या पोरीला आपल्या घरात कुणीतरी बघंल तरी."

माझ्या हातात पोह्यांची बशी होती ती तशीच राहिली. उभ्या आयुष्यात माझ्या मसुद्यावर साहेबांनी 'चर्चा करावी' याखेरीज काही लिहिलं नव्हतं. मी त्या बाईंना काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "हे कार्डावर लिहून द्याल का?"

लीलाबाईंनी आतल्या दारातून माझ्याकडे अशी नजर टाकली की, पुढचं वाक्य मी पोह्यांबरोबर गिळलं. त्या बाहेर आल्या, साखरबाईंच्या शेजारी बसल्या आणि आपल्या हातानं त्यांना चहा दिला. थोड्या वेळानं बापूसाहेबांनी विचारलं, "आता आलोच हाय, तर दुसरी खरी कुणी हाय का?"

होती. सणसरची रोहिणी, लीलाबाईंच्या मावसबहिणीची मुलगी. तिचे गुण त्यांनी सांगितले आणि दोषही सांगितले. पुस्तकाच्या क्रमानं, रकाना न चुकवता. साखरबाईंनी दोष जास्त लक्ष देऊन ऐकले. जीप तशीच सणसरला गेली. सूरज-रोहिणीचं तिथल्या तिथं ठरलं.

त्यानंतर काय झालं ते दोन तालुक्यांना ठाऊक आहे. दोषांसकट खरं छापणारं पुस्तक म्हणून बोलबाला झाला. लोक आपापल्या मुलामुलींची माहिती घेऊन येऊ लागले. दुसरी आवृत्ती निघते आहे, संपादक सौ. लीलाबाई. ताकद, बुद्धी, दैव हे रकाने लोकांना आवडल्यामुळे कायम ठेवले आहेत. बुद्धीचा आकडा संपादक स्वतः, समोर बसवून देतात. गणपती आहे तिथंच आहे. पात्रं सगळी खरी. पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे भेळवाल्याकडे गेले नाहीत. आलेल्यांना नमुना म्हणून दाखवतात. ओट्यावरच्या कोठ्या ओट्यावरच आहेत, कारण धान्याच्या खोलीत आता संपादकांचं कार्यालय आहे.

साखरबाईंचा शब्द धरता आदेशाची पूर्तता झाली, असं माझं म्हणणं आहे. त्या आधारे मी रीतसर अर्ज केला : नवीन आवृत्तीत शेवटी एक पान राखून नकोशीला जागा मिळावी. बाकीची पात्रं मी मागे घेतली, बिरदेवसुद्धा. अर्ज संपादकांनी पूर्ण वाचला, घडी घातली आणि पेढ्यांच्या पुड्याखाली ठेवला.

"घरी विचारून कळवते," म्हणाल्या.

घरात आम्ही दोघंच असतो. मला अद्याप कोणी विचारलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.