अकोला पान

धांडे सर राहतात अमरावतीत, शिकवतात अमरावतीत, आणि पेपरात फोटो यावा म्हणून जिवाचं रान करतात. पण तोच फोटो अमरावतीच्या पानावर आला, की त्यांचं तोंड उतरतं.

हे कळायला आमच्याकडच्या पेपरांची रीत माहीत पाहिजे. पेपर एकच, नाव एकच, किंमतही तीच. पण आतली पानं जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी. अमरावतीत एखादा पुढारी शिंकला तर अमरावती पानावर चौकट येते, अकोल्याच्या माणसाला त्या शिंकेचा पत्ता नसतो. बडनेऱ्याला गाडीत बसलं की माणूस बघता बघता अकोल्याला पोचतो, बातमी मात्र वाटेतच उतरते. आणि धांडे सरांना पाहिजे असायचं ते अकोला पान.

मी त्यांच्याच महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो आणि प्रसिद्धी समितीचा निमंत्रक आहे. हे पद मला अक्षर चांगलं म्हणून मिळालं. पुढे सगळं टायपिंगवर गेलं, पद माझ्याच गळ्यात राहिलं. स्वभावाने मी अबोल, आणि अपराधी वाटायला मला कारण लागत नाही. वर्गात कुणाचा मोबाईल वाजला तर आधी मी माझा खिसा चाचपतो. अशा माणसाला प्रेसनोट लिहायला बसवणं म्हणजे माळकऱ्याला मटणाच्या खानावळीत गल्ल्यावर बसवणं. ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ असं लिहिताना मला दिसत राहतं, की फाटकाला कुलूप होतं म्हणून विद्यार्थी बसले होते. तरी लिहितो. या सगळ्या लिहिण्यातली एकच बातमी अशी आहे, की जिच्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही, आणि याचंच वाईट वाटतं. ती आज सांगून टाकणार आहे. पण आधी सर.

सर प्राणिशास्त्राचे. कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल बोलावं तर त्यांनीच. त्यामुळे अळी पडली की शेतकऱ्याचा भाव खाली आणि सरांचा वर. वार्ताहरांचे फोनावर फोन. सर अर्धं वाक्य सांगायचे आणि मध्येच विचारायचे, “अकोल्याले लागन काय हे?”

“नाही सर, तिकडं त्यांचे त्यांचे प्राध्यापक असतात.”

“मंग त्यायलेच विचारा,” म्हणून फोन बंद.

एकदा त्यांच्या संशोधनाला चांगला मोठा पुरस्कार मिळाला. मी आयुष्यात पहिल्यांदा एक खरी प्रेसनोट लिहिली. अमरावती पानावर वरच्या बाजूला, फोटोसकट, छान आली. मी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. सरांनी फोटो पाहिला, पानाच्या डोक्यावर ‘अमरावती’ वाचलं, आणि मयताच्या घरी भेटायला गेल्यावर टाकतात तसा सुस्कारा टाकला. “चांगलं लिवलं रे मोहोड,” म्हणाले, “पण वाया गेलं.” पेढे आम्हीच मागवले, आम्हीच खाल्ले.

उलट अकोल्यात काहीही असो, सर हजर. रविवारी सकाळी बडनेरा गाठायचं, गाडी पकडायची. केशकर्तनालयाचं उद्घाटन असो, की पतसंस्थेच्या शाखेचं, की बैलांच्या दवाखान्याचं. निमंत्रण नसलं तरी चालायचं. प्राध्यापक, त्यात डॉक्टरेट, त्यात इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा; अशा माणसाला आमच्याकडे कोणी ‘तुमी कोण’ म्हणून विचारत नाही, खुर्ची देतात. सर खुर्ची घेत नसत. आधी फोटोवाला कुठे उभा राहतो ते पाहायचे आणि फीत कापणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावायचे. एका व्यायामशाळेच्या उद्घाटनाला त्यांनी खुद्द पहेलवानाला कोपराने सरकवलं होतं. दुसऱ्या दिवशी अकोला पानावर पहेलवान अर्धा, सर पूर्ण.

गंमत म्हणजे नावाचं त्यांना काही पडलेलं नसे. एका फोटोखाली ‘प्रा. धोंडे’ छापून आलं. मी घाबरून दुरुस्तीची प्रेसनोट लिहायला घेतली, तर सरांनीच थांबवलं. “धोंडे लिवो का गोटे लिवो, चेहरा तर माहाच हाय ना?”

या सगळ्या खटाटोपात त्यांना मदत करायचा अंकुश. हा त्यांचा माजी विद्यार्थी, अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरचा, आता अकोला पानाचा तालुका वार्ताहर. सरांच्या विषयात दोनदा नापास झालेला. सर म्हणायचे, “ज्याले ज्याले पास केलं ते सारे बँकेत लागले आन मले विसरले. ह्या एकाले नापास केलं, तो कामाले येऊन राहिला.” अंकुशही कमी नव्हता. तो आम्हाला सांगायचा, की सरांनी पास केलं असतं तर आपणही सुधारलो असतो.

स्टाफरूममध्ये अर्थातच तर्क चालायचे. एकाच्या मते सर अकोल्यातून निवडणुकीला उभे राहणार. दुसऱ्याच्या मते अकोल्यात त्यांचं दुसरं घर होतं. हे बोलताना तो ‘घर’ या शब्दाआधी थोडं थांबायचा. प्राचार्यांनी तर मला केबिनमध्ये बोलावून दार लावून विचारलं, की धांड्यांचा पक्ष कोणता. मला माहीत नव्हता, तरी मीच चोरासारखा बाहेर आलो.

मग तो हास्यक्लबाचा रविवार आला. मी परीक्षेच्या कामासाठी अकोल्याला गेलो होतो आणि परतीच्या वाटेवर बागेजवळ गर्दी दिसली म्हणून थांबलो. पन्नाशी-साठीची माणसं हात वर करून हा हा हा करत होती, फोटोवाला समोर, आणि पहिल्या रांगेत बरोबर मधोमध धांडे सर. पण सर हसत नव्हते. शोकसभेत दोन मिनिटं उभं राहतात तसे, हात बांधून, खाली मान. क्लबाचा अध्यक्ष कळवळून म्हणत होता, “सर, थोडंसं तरी.” सर म्हणाले, “तुमी हसा. मी उभा राहतो.”

परतीच्या गाडीत आम्हाला समोरासमोर जागा मिळाली. मी विचारणाऱ्यातला नाही, पण त्या दिवशी विचारलं. हास्यक्लबात न हसता उभं राहायचं, तर जायचं कशाला?

मूर्तिजापूर गेल्यावर सर बोलले.

बाळापूरला त्यांची मोठी बहीण आहे, कौसल्याबाई. आई लवकर गेली, तेव्हा सरांना तिनेच वाढवलं. सर तिला बाई म्हणतात. ती शाळेत गेली नाही, आणि सरांनी शाळा बुडवली की बदडायची. काही वर्षांपूर्वी नागपूरला टीव्हीवर बोंडअळीची चर्चा होती, सरांना बोलावलं होतं. स्टुडिओत फोन बंद ठेवायचा असतो. निवेदिकेने विचारलं, की अळीला पांढऱ्या कापसाचाच राग का येतो. सरांना हसू आवरलं नाही. पोट धरून हसले. त्याच दुपारी बाळापूरला कौसल्याबाईंचे यजमान वारले होते. भावाचा फोन लागत नाही म्हणून शेजारची माणसं काळजीत होती, तेवढ्यात शेजारच्याच टीव्हीवर भाऊ दिसला. हसताना.

सर पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाई दारात उभी होती. सरांनी तिचे शब्द मला जसेच्या तसे सांगितले. “माहा माणूस आंगणात पडून होता, आन तू टीव्हीवर दात काढून राहिला होता. जित्तेपणी तुहं तोंड पाहणार नाही मी.”

नंतर सर कितीदा तरी गेले. ती आत जायची आणि दार लावून घ्यायची. तिच्या फोनवर बोलण्याशिवाय काही होत नाही, आणि बोलणंच तर बंद.

“मंग अंकुशनं एक दिवस सांगतलं,” सर म्हणाले. अंकुशचं घर तिच्या समोरच्याच ओळीत. एका उद्घाटनाच्या फोटोत सर योगायोगाने आले होते, अकोला पानावर. ते पान बाईने अंकुशच्या आईकडून मागून नेलं, आणि पुढच्या महिन्यापासून पेपर लावला. वाचता येत नाही, तर पेपर कशाला म्हणून कोणी विचारलं, तर सांगते, फडताळात अंथरायला. पण ज्या दिवशी सरांचा फोटो असतो, त्या दिवशीचा पेपर फडताळात अंथरलेला अंकुशच्या आईने कधी पाहिला नाही.

“तोंड पाहणार नाही म्हणे,” सर म्हणाले. “आता पेपरातच आलं तर तिनं काय करावं? ते काई तिनं पाह्यलं नाही, त्यायनं छापलं.”

बडनेरा आलं तेव्हा मी त्यांची पिशवी उचलली, एवढंच.

त्यानंतर मी बिघडलो. ‘बाळापूर तालुक्यातील माजी विद्यार्थ्यांशी संवाद’ या नावाचा एक कार्यक्रम मी वर्षातून बरेचदा घेऊ लागलो. माजी विद्यार्थी एकटा अंकुश. तो फोटो काढायचा, त्यामुळे फोटोत फक्त सर. प्राचार्यांनी बिल न मागणारा उपक्रम म्हणून माझं कौतुक केलं.

मग एक दिवस अंकुशचा फोन आला. आवाज वेगळाच होता. बाळापूरला महिला बचत गटाच्या मसाला कांडप यंत्राचं उद्घाटन होतं. गटाच्या बायका फोटोला उभ्या राहिल्या, आणि कौसल्याबाई, ज्या गटातही नाहीत आणि ज्यांनी कधी कुणाला फोटो काढू दिला नाही, त्या गल्लीतून तरातरा आल्या आणि अध्यक्षीणबाईंना बाजूला सारून पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. फोटो झाल्यावर अंकुशला म्हणाल्या, “हे अमरावतीच्या पेपरात दिसन काय रे?”

अंकुशने सांगितलं, की नाही मावशी, आपलं अकोला पान. त्यावर म्हणाल्या, “तू शिकला काहाले मंग?” आणि निघून गेल्या.

फोटो त्याने मला पाठवला होता. “मोहोड सर, काही करता येईल का?” त्याने विचारलं.

आता कबुली. बाळापूरच्या त्या यंत्राशी आमच्या महाविद्यालयाचा काडीचाही संबंध नव्हता. मी लिहिलं, की आमच्या वाणिज्य विभागाच्या मार्गदर्शनाखाली महिलांनी हा उद्योग उभा केला, आणि विभागाचं सर्वत्र कौतुक होत आहे. विभाग म्हणजे मी. मी जन्मात कुणाला मसाला कुटायचं मार्गदर्शन केलेलं नाही. बातमी अमरावती पानावर लागली, फोटोसकट. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी हार घातला, तोही मी घालून घेतला.

स्टाफरूममध्ये सर आपल्या जागेवर उत्तरपत्रिका तपासत होते. अमरावतीचं पान ते उघडत नसत, म्हणून मी ते उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि उगाच पाणी प्यायला गेलो. परत आलो तरी ते तसेच बसलेले.

“मोहोड, बाळापूरले आपण कधी मार्गदर्शन केलं?”

“नाही केलं, सर.”

“मंग हे कोणं लिवलं?”

“मीच.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांशी नेलं. मला वाटलं, आता म्हणतील वाळली, म्हातारी झाली. ते एकेका बाईवरून बोट फिरवत गेले आणि पहिल्या रांगेत थांबले.

“पाह्य,” म्हणाले. “साऱ्याजणींच्या डोक्यावर पदर हाय. हिच्या नाही.”

माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. अंकुशच्याही नाही.

“बाळापूर तिचं सासर हाय. लगन होऊन गेली तवापासून तिथं चारचौघांत उघड्या डोक्यानं तिले कोणं पाह्यलं नसन. माहेरच्या माणसापुढंच डोक्यावरचा पदर पाडते ती.” सरांचं बोट तिथंच होतं. “फोटोवाल्यापुढं नाही उभी रे ती.”

मग त्यांनी उत्तरपत्रिका माझ्याकडे ढकलल्या, पिशवी घेतली आणि कुणालाही न सांगता फाटकातून बाहेर पडले. घंटा झाली. तास त्यांचा होता, तो मी घेतला. प्राणिशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मुलं शांत बसली होती, आणि हजेरीपटावर मी त्यांचीच सही केली.