टेटबाईंचे जतन

माणूस टिकवायचा तर आधी समिती नेमावी लागते, हे शिक्षणक्षेत्रातले सर्वमान्य सत्य आहे. त्याला अनुसरून ओहायोतल्या ब्रायरफील्ड गावच्या सरकारी शाळेने 'कृष्णवर्णीय शिक्षक जतन समिती' स्थापन केली. समितीत सहा गोरे सभासद होते आणि जतन करण्याजोगी बाई एकच, गणिताच्या ओनिडा फ्रेझर. म्हणून अध्यक्षही त्याच.

त्यांच्या आधी शाळेत टेट नावाच्या काळ्या बाई होत्या. त्या कंटाळून गेल्या, त्यांच्या जागी या आल्या. मुख्याध्यापक हॅल्वर्सन यांनी पहिल्याच दिवशी "या, टेटबाई!" असे तोंडभरून स्वागत केले. बाईंनी वर्षभर चूक दुरुस्त केली, मग स्वतःच्या घशावर दया केली. (सोयीसाठी आपणही टेटबाईच म्हणू.)

टेटबाईंचा शाळेवर जीव होता. सोडून जायचे त्यांच्या मनातही नव्हते. मागणी एवढीच, की दिवसातला एकुलता एक रिकामा तास रिकामा राहावा. त्या तासाला इतर वर्गांतली 'हाताबाहेर गेलेली' काळी पोरे त्यांच्याकडे धाडली जात. (गुन्हा बहुधा बाकावर पेन्सिल बडवण्याचा. गोऱ्या पोराने बडवली तर त्याला तालाची जाण म्हणत.)

"पोरं तुमचंच ऐकतात हो, टेटबाई!" हॅल्वर्सन म्हणाले.

"सर, आधी मी त्यांचं ऐकते. तुम्हीही करून बघा की एकदा."

सर पोट धरून हसले. "काय गमतीदार हो तुम्ही! म्हणून तर तुम्हाला सोडवत नाही."

समितीने मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार करायचे ठरवले. त्यासाठी दर आठवड्याला बैठक होऊ लागली, सर्वांच्या सोयीने, टेटबाईंच्या रिकाम्या तासाला. डोनट असत. अध्यक्षांच्या वाट्याला मात्र ते येत नसत, कारण दाराशी धाडलेली पोरे उभी, त्यांना सांभाळायला त्या बाहेर.

वर्षअखेरीस समारंभात बाईंना मानाची पाटी मिळाली: 'प्रदीर्घ, अखंड सेवेबद्दल, श्रीमती टेट यांस.' बाईंनी ती दोनदा वाचली. "भरून पावले," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. पोरांचा निरोप घेताना हसल्या, गाडीत बसल्यावर हमसून हमसून रडल्या.

ऑगस्टमध्ये त्या जागी एक तरुण काळी शिक्षिका रुजू झाली. हॅल्वर्सन दारातच उभे होते. "या, टेटबाई! सुट्टी कशी गेली?"

समितीच्या अहवालात जतनाचे प्रमाण शंभर टक्के आहे. आसपासच्या शाळा ही पद्धत शिकायला येतात.

तुम्हाला हॅल्वर्सनचे हसू आले असेल, तर छानच. आता वर न बघता सांगा: राजीनामा दिलेल्या बाईंचे नाव काय होते?